काकांच्या रायफलीची नवी नळी

मी मुळात घाबरट बाई. कुलूप लावून बसस्टॉपपर्यंत गेले तरी गॅस बंद केला की नाही ते बघायला परत येणारी. उमरेडहून नागपुरात नोकरीला आले तेव्हा आईनं देवाजवळ एवढंच मागितलं होतं, की पोरीला शांत घर मिळो. आणि मिळालं ते काय? वरची खोली माझी, आणि बरोबर तिच्याखाली, लोखंडी कपाटात, एक अख्खी रायफल.

घरमालक काकांनी ते लपवलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. भाडं किती, नळ कधी येतो, हे सांगायच्या आधीच ते म्हणाले, "घरात रायफल आहे. परवाना आहे. भीती वाटत असन तर आताच सांग, मंग बोंब नको."

मी म्हटलं, "काका, बंदूक भरलेली असते का हो?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना दारू पिता का म्हणून विचारलं. "बंदूक नाही वं पोरी, रायफल. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीले आतून आटे असतात, त्याच्यानं गोळी गरगर फिरत नेमकी जाते. आन् भरलेली कायले राहीन? बोल्ट वेगळा असते!"

बोल्ट वेगळा असतो, हे वाक्य मी त्या घरात पुढे इतक्यांदा ऐकलं की झोपेत विचारलं तरी सांगीन. बोल्ट म्हणजे रायफलीच्या मागचं लोखंडी दार. काडतूस आत सरकवलं की हे दार मागून बंद होतं, आणि बार उडाला की सगळा धक्का हेच दार अडवतं. दार काढून घेतलं की रायफल म्हणजे नुसता लाकूड लावलेला पाइप. म्हणून काका रायफल समोरच्या खोलीत ठेवत, बोल्ट देवघराखालच्या पेटीत, आणि काडतुसं तिसऱ्याच कुलपात. काकू म्हणायच्या, "माह्या देवाले लोखंडाचा राखणदार बसवून ठेवला यायनं. नैवेद्य दाखवताना बी पेटीले पाय लागते."

काका वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. सारी नोकरी लोकांचे तराजू तपासण्यात गेली. कळमन्याच्या बाजारात त्यांची स्कूटर दिसली की आडत्यांच्या पोटात गोळा यायचा म्हणे. खातं सुटलं, पण खोड सुटली नाही. घरात दार उघडल्याबरोबर दिसायचा तो पितळी काटा. दूध आलं की मापात ओतायचं, भाजी आली की काट्यावर. बरं, गल्लीतले भाजीवाले हुशार. ते काकांना बघून आपणहून एक टमाटर जास्त टाकायचे. काका तो टमाटर परत द्यायला भर उन्हात कोपऱ्यापर्यंत जायचे. "जास्त बी नको बाप्पा. जास्त हे बी खोटंच माप."

एकदा मला म्हणाले, "तुमच्या दवाखान्यात तो अक्षरांचा तक्ता किती लांबून वाचायले लावता?" मी रामदासपेठेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर काढायचं काम करत होते. अंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी हे टेप घेऊन हजर! रांगेतले पेशंट बाजूला सारून खुर्चीपासून तक्त्यापर्यंत टेप लावला आणि ओरडले, "अर्धंच आहे! अर्ध्या अंतरावर नंबर काढून राह्यले तुम्ही लोकाईचे!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांना हळूच दाखवलं, की काका, खोली लहान आहे म्हणून तक्ता डोक्यामागे लावलाय आणि समोर आरसा आहे. जाण्याचं अंतर अधिक येण्याचं अंतर, पुरं होतं. काका आरशासमोर उभे राहिले, स्वतःकडे बघितलं, टेप गुंडाळली. जाता जाता म्हणाले, "मंग आरसा सरळ आहे का ते बी पाहून घ्या." वर्षभर दवाखान्यातले लोक मला 'आरसा सरळ आहे का' म्हणून चिडवत होते.

पण त्याच दिवशी, आलेच आहात तर बसा म्हणून, मी त्यांचे डोळे तपासले. आणि तिथून माझ्या जिवाला घोर लागला.

त्यांचा उजवा डोळा त्या वयात खणखणीत होता. डावा मात्र लहानपणापासूनचा आळशी. त्यानं त्यांना दार कुठं आणि खिडकी कुठं एवढंच कळायचं. आणि काकूंचं काय सांगू? साखरेनं त्यांचे दोन्ही डोळे खाल्ले होते. लेझर झालं, इंजेक्शनं झाली, शेवटी कडेकडेनं एक सावली तेवढी उरली. म्हणजे त्या घरात दोन माणसं, चार डोळे, आणि हिशेबाला धड डोळा एकच. मूलबाळ नाही. काका काकूंना पेपर वाचून दाखवत, तांदळातले खडे निवडत, पदराचं टोक दारात अडकलं तर सोडवत. सकाळ-संध्याकाळ काकूंची इन्सुलिनची सुई तेच भरत. खिडकीशी जाऊन सुई उजेडात धरायची, श्वास रोखायचा, औषध रेघेला लागलं की श्वास सोडायचा. ते निशाणाही असाच धरतात, हे मला पुढे नेमबाजीच्या रेंजवर गेल्यावर कळलं.

असा हा एकुलता एक डोळा, तोच काका रायफलीमागे ठेवत. तिथे गाल रायफलीच्या लाकडी दस्त्याला टेकलेला आणि बोल्ट नाकापासून चार बोटं. मी रोज दवाखान्यात वेल्डिंगवाले, लेथवाले बघते. डोळ्यात लोखंडाचा कण गेला म्हणजे काय होतं, हे मला कोणी सांगायला नको.

रायफल जुनी, फौजेनं मोडीत काढलेली. काकांनी तरुणपणी रीतसर परवाना काढून घेतली होती आणि शहराबाहेरच्या रेंजवर तिनं बक्षिसंही आणली होती. पण नळी किती वर्षं टिकणार? आटे झिजले. मी आले त्या सुमाराला तर गोळी फिरायच्या ऐवजी लोळत जायला लागली. एकदा काका रेंजवरून कागद घेऊन आले आणि माझ्यापुढे धरला. भोकं गोल नव्हती, लांबट होती.

"हे पाह्य. गोळी आडवी पडून राह्यली कागदावर," ते म्हणाले. "माह्या डोळ्यात खोट नाही, नळीत खोट आहे."

मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, आता सुटली ही ब्याद. कसलं काय! काकांनी नवी नळी बसवायचं काढलं. हिवाळ्यात ज्येष्ठांचा सामना होता. त्यांचं म्हणणं एकच, की डोळा आहे तोवर एकदा, सगळी भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली पाहिजेत. "पुढच्या सालचा भरवसा नाही. तूच सांग, मोतीबिंदू सुरू झाला का नाही?" झाला होता.

मग कचेरीत खेटे सुरू झाले, कारण परवान्यावर जुन्या नळीचा नंबर आणि नळी बदलायची म्हणजे परवानगी पाहिजे. परवानगी आली, नळी आली, आणि काम गेलं उस्तादांकडे. हे उस्ताद परवानाधारक बंदूकवाले. यांचं दुकान शहराच्या जुन्या भागात. पोट सुटलेलं, दाढीला मेंदी, आणि तोंडात सदा 'हो जायेगा साहब'. काकांना हे तीन शब्द ऐकले की अंगावर काटा यायचा. ते रोज दुकानात स्टूल टाकून बसत आणि उस्तादांच्या हाताकडे बघत. उस्ताद एकदा वैतागून मला म्हणाले, "बेटी, इनको घर पे कोई काम नहीं क्या?"

या स्टुलावरूनच काकांनी उस्तादांना एक भाषण दिलं. दुकानात लोकांच्या रायफली बोल्टसकट उभ्या होत्या. काका म्हणाले, "हे काय लावलं उस्ताद? उद्या चोर आला तर भरली म्हणून समजा! बोल्ट काढा, वेगळ्या पेटीत ठेवा." उस्तादांनी मान डोलावली. गिऱ्हाईक जुनं, वयानं मोठं, आणि गोष्टही खरी. त्यांनी त्या दिवसापासून तसंच करायला सुरुवात केली. मी तिथंच होते. मला काकांचं कौतुक वाटलं होतं.

नळी बसली. पण नळी नुसती बाहेरच्या आट्यांवर फिरवून घट्ट केली म्हणजे झालं नाही. काडतूस आत बसल्यावर त्याच्या बुडात आणि बोल्टमध्ये जागा राहायला नको. जागा जास्त राहिली तर काडतूस मागून फाटतं आणि ती आग सरळ नेमबाजाच्या तोंडावर. ती जागा मापायला पोलादाचे दोन ठोकळे असतात. एकावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर बंद होता कामा नये. काकांनी उस्तादांच्या हातून ठोकळे घेतले, स्वतः लावून बघितले, उलटसुलट करून पुन्हा लावले. एकावर बंद झाला, दुसऱ्यावर अडला. काकांच्या चेहऱ्यावर मी तेवढं समाधान पुन्हा कधी पाहिलं नाही.

"मुद्रा झाली," ते म्हणाले.

मुद्रा म्हणजे त्यांच्या खात्यातला शब्द. वजन तपासलं, खरं निघालं, की त्यावर शिक्का मारायचा. एकदा शिक्का बसला की वर्षभर त्या वजनावर कोणी शंका घ्यायची नाही. काकांच्या लेखी देवाच्या मूर्तीला जेवढा मान, तेवढा मुद्रेला.

उस्तादांनी मात्र डोकं खाजवलं. "साहब, पहली गोली टायर में चलाते हैं अपने यहाँ. सबके लिए."

ही त्यांच्या धंद्यातली रीतच. नव्या नळीची पहिली गोळी कोणी गालाला लावून झाडत नाही. ट्रकचा जुना टायर आडवा ठेवायचा, रायफल त्यात बांधायची, चापाला दोरी लावायची आणि भिंतीआड जाऊन ओढायची. काका म्हणाले, "जिच्यावर माझा भरवसा नाही तिच्यातून गोळी चालवू कायले? मुद्रा झाली, विषय संपला. पहिली गोळी मीच झाडीन, गालाले लावून."

त्या रात्री खाली भांडण झालं. काकूंचा आवाज कधी चढत नसे, तो चढला. "डोळा तुमच्या एकट्याचा आहे काय?" काका म्हणाले, "तुले यातलं समजत नाही." "मले इतकं समजते, का तो गेला तर उद्या मले सुई कोण भरून देईन!" मग भांडं आदळल्याचा आवाज आला आणि मागोमाग काकूंचं रडणं. मी वर पलंगावर बसून होते. मला ते रडणं ऐकायचं नव्हतं आणि कान तर बंद होत नव्हते.

तेवढ्यात निवडणूक लागली. आचारसंहिता लागली की परवाना असलेल्यांना आपापली हत्यारं जमा करावी लागतात, ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात. काकांनी रायफल उस्तादांकडे जमा केली. बोल्ट अर्थातच वेगळा, काकूंनी डोळे असताना शिवलेल्या खाकी पिशवीत. मला तर वाटलं, ही निवडणूक अशीच वर्षभर चालू राहावी! उन्हाळा चढत गेला, कुलरचं पाणी भरता भरता जीव जायचा, आणि मी मनातल्या मनात म्हणायचे, चालू दे, अजून एक टप्पा होऊ दे.

निकाल लागले. नवतप्याचं ऊन होतं, वर्षातले सगळ्यात तापलेले ते नऊ दिवस. काकांनी रायफल सोडवून आणली, पिशवी सोडवून आणली, कागद जुळवून सही केली. रेंजवर जायचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी मी धीर करून म्हटलं, "काका, एकदा ते ठोकळे पुन्हा लावून बघायचे का?"

"नळी बदलली काय मधात?"

"नाही."

"बोल्ट बदलला?"

"नाही, पण..."

"मंग मुद्रा झालेल्या मापावर शंका घेऊ नये वं पोरी. एकदा शंका घेतली का बाजार चालत नाही."

सकाळी आम्ही निघालो तर काकू दारात तयार. लुगडं बदललेलं, हातात काठी. साऱ्या आयुष्यात त्या रेंजवर कधी आल्या नव्हत्या. काका म्हणाले, "उन्हात कायले येतं?" काकू गाडीत जाऊन बसल्या.

रेंजवर माणसं तुरळक. उस्ताद टायर घेऊन आलेच होते, न सांगता. काकांनी टायरकडे बघितलंच नाही. चटई अंथरली, चष्मा पुसला, पालथे झाले. उस्ताद माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "समझाओ ना बेटी." काकांनी पिशवीतून बोल्ट काढला, रायफलीत सरकवला. खट् आवाज झाला. एक काडतूस हातात घेतलं.

तेव्हा काकूंनी माझा दंड धरला. "मले त्याईच्या जवळ नेऊन दे."

"काकू, रेषेच्या पुढे जाता येत नाही."

"त्या रेंजवाल्याले आवाज देऊन सांग, का बुढी येऊन राह्यली."

मी रेंजवाल्याला हात केला. त्यानं सगळं थांबवलं. मी काकूंना धरून नेलं. त्या काठी बाजूला टाकून चटईवर बसल्या, मग हाताने चाचपत चाचपत काकांच्या शेजारी आडव्या झाल्या. सत्तरीला आलेली ती बाई, डोक्यावरचा पदर सावरत, उन्हानं तापलेल्या जमिनीवर. काकांच्या गालाजवळ गाल नेला आणि म्हणाल्या, "झाडा आता."

"अवं, पागल झाली काय? उठ! इथं धोका आहे!"

"तुम्हाले नाही काय धोका?"

"माही गोष्ट वेगळी."

"मुद्रा झाली म्हणता ना? मंग मले काहून होईन काही? आन् माह्या डोळ्यात असं बी काय उरलं आहे जाण्यासारखं?"

काका तसेच पडून राहिले. मग त्यांनी काडतूस खिशात टाकलं, कोपरावर उठले, आणि उस्तादांकडे न बघता म्हणाले, "आणा तो टायर."

रायफल टायरमध्ये बांधली. आम्ही सगळे भिंतीआड. दोरी काकांनीच ओढली. आवाज झाला तो नेहमीचा ठणठणीत नव्हता, फाटका होता. भिंतीवरून काहीतरी सणकन् गेलं. मी कानावर हात ठेवून खालीच बसले.

रेंजवाल्यानं हात हलवल्यावर आम्ही पुढे गेलो. रायफलीच्या मागून धूर येत होता. काडतुसाचं बूड फाटलं होतं आणि दस्त्याचं लाकूड, बरोबर जिथे काकांचा गाल टेकला असता तिथे, चिरून एक ढलपा उडाला होता. मी त्या ठिकाणी हात ठेवला आणि मला भडभडून आलं. काकू मागून विचारत होत्या, "काय झालं वं? काय झालं? सांग ना कोणी!" मी म्हटलं, "काही नाही काकू, काका ठीक आहेत."

उस्तादांनी ठोकळा लावला. ज्या ठोकळ्यावर बोल्ट अडायला हवा, त्यावर तो आरामात बंद झाला. उस्ताद म्हणाले, "साहब, ये बोल्ट इसका नहीं है."

काकांनी खिशातलं भिंग काढलं आणि बोल्टवरचा नंबर वाचला. खरंच त्यांचा नव्हता. झालं होतं असं, की उस्तादांनी काकांचं ऐकून सगळ्यांचे बोल्ट काढून वेगळे ठेवले होते. गंज चढू नये म्हणून एक दिवस ते सगळे एका परातीत घेऊन तेल लावलं आणि परत पिशव्यांत भरले. एकाच घडणीच्या दोन रायफली, दोन बोल्ट अगदी भावाभावांसारखे. यांचा त्यांच्यात गेला, त्यांचा यांच्यात आला. "आपने ही तो बोला था, साहब, अलग रखो करके," उस्ताद रडकुंडीला येऊन म्हणाले. आणि पिशवी आपली, शिवण ओळखीची, म्हणून ज्या माणसानं गल्लीतल्या टमाटरावर विश्वास ठेवला नाही, त्यानं आतल्या बोल्टवरचा नंबर वाचलाच नाही.

मला वाटलं, आता काका उस्तादांचा गळा धरतात. पण ते बोल्ट हातात फिरवत राहिले. मग एकदम त्यांची मान वर झाली.

"उस्ताद, माझा बोल्ट कोणाजवळ आहे?"

उस्तादांनी नाव सांगितलं. उमरेडच्या पुढे एका गावातला भुईमूगवाला शेतकरी. शेताच्या राखणीसाठी रायफल होती त्याची. कालच येऊन घेऊन गेला.

"फोन लावा."

फोन लागेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. काकांनी गाडीची किल्ली काढली. मग थबकले आणि काकूंकडे वळले. "तुही सुई..."

"शेजारची भरून देईन. मले रिक्षात बसवा आन् जा! लवकर जा!"

मी सोबत गेले, कारण रस्ता माझ्या माहितीचा. कसला रस्ता तो! कोळशाच्या ट्रकांची रांग, धूळ, आणि काका हॉर्नवर हात ठेवून. माझ्या मांडीवर तो दुसऱ्याचा बोल्ट फडक्यात गुंडाळलेला. मी दर दोन मिनिटांनी फोन लावत होते आणि फोनमधली ती बाई मला दर वेळी सांगत होती, की हा ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

"डोळ्यात लोखंड गेलं तर वाचते काय वं डोळा?" काकांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"वाचतो काका."

"खोटं माप देऊ नको."

मी मग म्हटलं, "कधी वाचतो. बरेचदा नाही."

"हं," ते म्हणाले. एक ट्रक मागे टाकला. मग स्वतःशीच म्हणाले, "घरी जाऊन सांगितलं असन त्यानं, का आता काळजी नाही, रायफल सुटली म्हणून."

गावात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्या शेतकऱ्याची बायको अंगणात शेंगा तोडत होती. काका गाडी थांबवून उतरेपर्यंत मीच विचारलं. ती म्हणाली, "वावरात गेले ना. डुकरायनं भुईमूग खाऊन टाकला, म्हणून रायफल घेऊन गेले."

आम्ही अक्षरशः धावलो. काका त्या वयात, चपलेत ढेकळं जात, "अहो! अहो भाऊ!" असं ओरडत. नाव विसरले होते ते. बांधावर चढलो आणि तेवढ्यात धडाम्! पलीकडच्या अंगाला एकच मोठा आवाज झाला. पाखरं उडाली.

काका बांधावरच बसले. पाय पोटाशी घेऊन, दोन्ही हातांनी तोंड झाकून. मी त्यांना उठवायचं सोडून तिथंच उभी राहिले. मला पुढे जाऊन ते बघायचं नव्हतं. देवा शपथ, मला वाटलं इथून पळून जावं.

तर तुरीच्या काड्यांच्या ढिगाआडून एक माणूस येताना दिसला. डोक्याला दुपट्टा, खांद्यावर रायफल, हातात काडेपेटी. आम्हाला बघून थांबला. "कोण गा?"

"आता... आता आवाज कायचा झाला?" मी कसंबसं विचारलं.

"सुतळी बॉम्ब फोडला. डुकरं पळाले. काडतूस कोण घालते फुकट?"

काका उठले. त्याच्यापर्यंत गेले. त्याच्या हनुवटीला हात लावला, तोंड मावळतीच्या उजेडाकडे फिरवलं आणि त्याचे डोळे बघितले. आधी उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा. तो बिचारा गोंधळून गेलेला. "काहून बा? काय झालं? मी काही केलं काय?"

"नाही," काका म्हणाले. "मी केलं."

आणि मग ते त्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मी त्यांना रडताना त्या आधी पाहिलं नव्हतं. त्या माणसानं काय ते न कळताही त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. पुढे सगळं सांगितलं, बोल्टांची अदलाबदल झाली. त्याच्या बायकोनं आम्हाला शेंगा बांधून दिल्या. काकांनी त्या काही तोलल्या नाहीत.

घरी आलो तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती. काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, अंधारात, कारण दिवा लावून त्यांना काय उपयोग? गाडीचं दार वाजलं तशी त्यांनी हात पुढे केला. काकांनी तो धरला.

"त्याचा डोळा?" काकूंनी विचारलं.

"आहे."

"दोन्ही?"

"दोन्ही. मी सोता पाह्यले."

काकूंनी त्यांचा चेहरा चाचपला. कपाळ, भुवई, मग उजव्या डोळ्यावर हलकेच बोट ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

"चला," त्या म्हणाल्या, "मंग जेवून घेऊ."